अ, अ‍ॅन, द

रात्री नऊला तांबट लेनमधून
रंगनाथकाका करडे जॉइन होतात.
मोबाइल घंगाळाला टेकवलेला,
त्यामुळे त्यांचं गुड इव्हिनिंग
दोनदा ऐकू येतं, दुसऱ्यांदा तांब्याचं.

हाऊ मच येतं मला, त्याच्या पुढचं शिकवा,
पहिल्या दिवशी म्हणाले होते.

मी इंदिरानगरात, चौथ्या मजल्यावर,
कुकर गार व्हायच्या आत
आर्टिकल्स संपवायची म्हणते.
अ म्हणजे कुठलंही एक.
द म्हणजे तेच, आपल्याला ठाऊक असलेलं.

ते वहीत लिहितात. खोडतात.
शेजारी कुणीतरी अजून ठोके घालतंय.
काका, म्यूट करा, म्हटलं
तर ते स्वतःच गप्प बसले
आणि ठोके चालूच.

मग म्हणाले,
"मॅडम, दुकानात पंधरा हंडे मांडलेत.
सगळे अ?"
हो.
"एका बाईनं त्यातला उचलला,
बोटानं वाजवून पाहिला,
बुडाचा पोचा तिला दिसला,
तरी खाली ठेवला नाही.
आता तो द?"

माझ्या पीडीएफमध्ये सूर्य आहे, छत्री आहे, सफरचंद.
बुडाचा पोचा नाही.
हो, म्हणाले. आता द.

"आणि नाहीच घेतला,
परत रांगेत ठेवून गेली, तर?"

नेट अडकलं.
त्यांचा चेहरा चौकोनाचौकोनांनी तुटला,
एक भुवई वरच राहिली.
ठोके मात्र येत होते, नीट, एकामागून एक.
मी ते मोजत बसले.
कुकर कधीचा गार झालेला.