नावं ठेवणारी

नावं ठेवणं हा माझा धंदा.
सोफियातल्या एका साप्ताहिकात सव्वीस वर्षं ठेवली,
कॅमेऱ्याला, संवादांना,
एका थोर दिग्दर्शकाच्या लाडक्या धुक्याला.
फक्त पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात
सरकारच नावं ठेवू लागलं,
दक्षिणेत, दारोदार, यादी घेऊन,
जिवंतांना, मग थडग्यांनाही.
आम्ही धंदेवाल्यांनी तेवढा कानाडोळा केला.
तेव्हाही मी आठवड्याला तीन सिनेमे बघत होते.

त्यातला एक तंबाखूच्या गावाचा.
डोंगरात शिक्षिका येते, वीज येते,
शेवटी सगळे एकाच दिशेला बघून हसतात.
मी लिहिलं, प्रकाशयोजना देखणी.
लिहिलं, डबिंग ढिलं,
पानं ओवणाऱ्या बाईचे ओठ
आवाज चालू असताना मधेच मिटतात.
कात्रण आहे. पिवळं पडलंय, पण वाचता येतं.
दुर्दैवानं.

आता तो सिनेमा धुऊनपुसून परत आलाय.
संग्रहालयातली कालिना, जिचा तेव्हा जन्मही नव्हता,
पडद्यावर बोट ठेवून दाखवते:
इथे बुरशी होती, इथे फाटलं होतं,
अकरा हजार ओरखडे भरले, एकेक करून.
मग श्रेयनामावली.
प्रकाश: नेदेल्चो आसेनोव.

हा माणूस नेज्मी होता, मी म्हणते.
पानगळीत शूटिंग झालं तेव्हा नेज्मी,
मार्चमध्ये पाट्या छापल्या तोवर नेदेल्चो.
हाही ओरखडाच. भरा.

ती अवघडते.
निगेटिव्हवर असंच आहे, बाई. हेच मूळ.
मुळाला आम्ही हात लावत नाही.

मूळ.
म्हणजे जे आधी होतं ते नव्हे,
जे आधी छापलं ते.
किती सहज वापरला मी हा शब्द,
'मूळ कथेशी प्रामाणिक' वगैरे.

मग बुर्साहून त्याची मुलगी आली, फेरदिये.
एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात गेली होती,
गाद्या गाडीच्या टपावर, ती मागच्या सीटवर,
मांडीवर शिवणयंत्राचं चाक. सात वर्षांची.
सिनेमा बघताना सूर्यफुलाच्या बिया फोडत होती,
भाषण आलं की जरा जोरात.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला तिनं माझं मनगट धरलं.
थांबवा.

पडद्यावर ती बाई. सुई, पान, सुई, पान.
आवाज सोफियाच्या नटीचा, एकदम शुद्ध:
यंदा चाळीस गठ्ठे जास्त.
ओठ ते म्हणत नाहीयेत.
ही बाबांची आत्या, फेरदिये म्हणाली,
आणि त्या ओठांच्या मागोमाग, तुर्कीत, बोलत गेली:
नेज्मी, दिवा सरकव रे, डोळ्यांत जातोय.

आवाज बंद करून पुन्हा पाहिलं.
पुन्हा.
ओठ मिटतात ते 'मी'साठी.
नेदेल्चो म्हणताना ओठ कुठेच मिटत नाहीत,
म्हणून बघा.

कालिनानं हळूच विचारलं, मग पाटी बदलायची?
फेरदियेनं बियांची टरफलं रुमालात गोळा केली.
पुन्हा कुणीतरी टेबलाशी बसून
बाबांचं नाव बदलणार?
राहू दे.
तसाही त्यांना सिनेमा आवडला नव्हता.
म्हणायचे, दिवे माझे खरे, बाकी सगळं खोटं.

इतकं नेमकं परीक्षण
माझ्या हातून एकदाही झालं नाही.

घरी आले, कात्रण काढलं.
'डबिंग ढिलं' वर पेन टेकवलं.
खोडलं नाही.
समासात वेळ लिहिली,
एक्केचाळीस मिनिटं, नऊ सेकंद.