कॉलिन थ्वेटचा गृहपाठ

मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेचारला,
नळस्टॉपपासून चालत येतो कॉलिन थ्वेट.
इंग्लंडात हल नावाचं बंदर आहे, तिथला.
वय एकसष्ट, नाक उन्हानं सोललेलं.
चपला दाराबाहेर काढतो, जोडून,
भिंतीला अगदी समांतर,
आणि वही उघडतो.

मी सांगितलं होतं, पुण्यावर दहा ओळी लिहा.
म्हणाला, बाई, पुण्यावर लिहायला भीती वाटतो.
वाटतो नाही. वाटते. भीती स्त्रीलिंगी.
मग आधी होतात तिथलं लिहा, म्हटलं.
चौदा महिने अमेरिकेत होता तो,
भाड्याच्या गाडीनं, या टोकापासून त्या टोकाला.

'अमेरिकेत संडासाचा दार खाली एक वीत उघडा असतो.
आतल्या माणसाचे बूट दिसतात.
मी बसलो, आणि शेजारच्या बुटाने मला
गुड मॉर्निंग केले.'
दार नपुंसकलिंगी, मी लिहिलं.
बूट तसाच राहू दिला.

'दुकानात वस्तूवर किंमत लिहिली आहे.
ती खरी नाही. खरी गल्ल्यावर कळते.'
व्याकरण बरोबर.
समासात शेरा : सगळीकडेच.

'हॉटेलातली बाई विचारते, कसे आहात?
मी गुडघ्याचे सांगायला लागलो.
ती पुढच्या टेबलाला विचारत होती.
आमच्या हलमध्ये कोणी विचारत नाही,
म्हणून वाईट वाटत नाही.'
इथं मी चहा टाकायला उठले.
ओट्यापासून ओरडून सांगितलं,
आमच्याकडे गुडघा नीट ऐकून घेतात,
मग तेल सांगतात,
मग डॉक्टर चुकीचा निवडलात ते सांगतात.
'चुकीचा निवडलात', त्यानं लिहून घेतलं.

'पेल्यात बर्फ जास्त, पाणी कमी.
जानेवारीत बाहेर बर्फ, आत बर्फ.
बँकेला खिडकी आहे, औषधाला खिडकी आहे,
गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही.
एकदा मी टल्सा गावात चालत होतो.
फूटपाथ नाही.
पोलीस थांबला. विचारला, गाडी बिघडली?
मी म्हटला, मी चालतो आहे.
तो म्हटला, कुठे?'

टल्सा.
चुका तीन होत्या. मी एकही सुधारली नाही.

शर्वाणी तिथं आहे. सहा वर्षं झाली.
रविवारी सकाळी फोन येतो, आई, छान आहे सगळं.
माझ्याकडे तिच्या फ्रीजचा फोटो आहे,
आपल्या मोरीएवढा फ्रीज,
अंगणातल्या बर्फाचा आहे, भोपळ्याचा आहे.
मी विचारते, जेवलीस का.
ती विचारते, गोळ्या घेतेस का.
कॉलेजला पायी जायची ती,
परत येताना टेकडीवरून, मुद्दाम लांबून,
उशीर का झाला म्हटलं की
तळव्यातला काटा दाखवायची.
वर्षात दोनदा चप्पल शिवून आणायचे मी.

रस्त्याच्या कडेला काय होतं? मी विचारलं.
तो इंग्रजीत सुरू झाला.
मराठीत, म्हटलं.
'गवत,' तो म्हणाला. 'खूप गवत. कापलेला.'
कापलेलं.
'कापलेलं. आणि कारंजी चालू होती,
गवताला पाणी देत होती.
पाऊस पडत होता, बाई, तरी देत होती.
माझे बूट ओले झाले.'
आणि माणसं?
त्यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं.
'माणसं गाडीत.'

रविवारी फोन आला.
गोळ्यांचं झालं, जेवणाचं झालं,
गॅसवाल्याचं झालं.
मग मी विचारलं, चालायला जातेस का गं?
मागं कुठलंसं यंत्र घुरघुरत होतं, ते तिनं बंद केलं.
कुठे? म्हणाली.

मंगळवारी थ्वेट आला. चपला, भिंत, वही.
पुण्यावर शेवटी एकच ओळ आणली होती :
'कर्वे रोडला फूटपाथ आहे.
त्यावर स्कूटर चालतो.'
चालते, म्हटलं. स्कूटर स्त्रीलिंगी.
'का?' त्यानं विचारलं.
मला सांगता आलं नाही.
दहात सात दिले, आणि चहा टाकला,
आणि त्याला विचारलं,
येता का, अंधार पडायच्या आत
टेकडीवर जाऊन येऊ.