स्वल्पविरामानंतरची जागा

मार्केट यार्डातल्या गुळाच्या आडतीत, पाडव्याच्या आदल्या रात्री
मी नवी डिस्क बसवत होते.
कीबोर्डच्या फटींत मुंग्या.
एन्टर दाबलं की दोन बाहेर यायच्या,
इकडंतिकडं बघून पुन्हा आत.

शेजारी आदगोंडा दिवाणजी
लाल चोपडीत नवा दोरा ओवत.
"ह्या तुज्या नव्यात येगळं काय?"
म्हटलं, "हे खाडाखोड करत नाही.
जुन्या ओळीवर लिहीतच नाही कधी.
बदललेलं कोऱ्या जागेत उतरवतं,
ते नीट उतरलं की मगच
अनुक्रमणिकेतलं बोट तिकडं वळवतं.
मधेच लाइट गेली, तरी जुनं पान जागेवर."
ते दोरा चाटून म्हणाले,
"म्हंजे आमच्यागत. बेचाळीस वर्सांत
कागदाला ब्लेड लावलं न्हाई."

मग अटी लिहायला घेतल्या, एका ओळीत, एकीला एक लागून.

नोएटाइम. नुसतं वाचलं तर नोंद नको.
नाहीतर कुणी पाहिलं याचीही एक ओळ,
त्या ओळीसाठी नवं पान,
बघणाऱ्यांनीच दप्तर भरायचं.
दिवाणजींना हे पटलं नाही.
कुणी कुणाचं खातं कधी चाळलं
ते त्यांना तोंडपाठ आहे, शहाऐंशी सालापासून.

कम्प्रेस. तिसऱ्या पायरीवर, बेतानं.
इथून पुढं येईल तेच दाबलं जाईल,
आधीचं ऐसपैस पसरलेलं
तसंच पसरून राहणार.

कमिट तीस सेकंदांवरच ठेवलं.
दोन मिनिटं करा म्हणतात, डिस्क कमी झिजते.
पण दोन मिनिटांत इथं तीन ढिगांचा सौदा होतो
आणि यार्डातला ट्रान्सफॉर्मर कुणाचा मिंधा नाही.

नोडेटाकाउपाशी हात थांबला.
वजनकाट्याचा डेटाबेस त्याच त्या चिमूटभर जागेत
दिवसभर गिरवत बसतो,
त्याला दर वेळी नवं पान दिलं तर चिंध्या होतात.
पण एकाला मोकळीक लिहावी, तर ती सगळ्यांनाच लागते:
डिस्कवर आधी जो दार उघडतो
त्याचेच नियम साऱ्या खोल्यांना.
शिवाय मोकळीक घेतली की पडताळा गेला.
आकडा कुठं कुरतडला, डिस्कला कळायचंही नाही.
ती अट नाहीच लिहिली.
काट्याच्या रिकाम्या फोल्डरवर तेवढी खूण केली,
आत काही ठेवायच्या आधी.
नंतरची खूण लागत नाही,
हे मी गडहिंग्लजात एका गिरणीच्या पैशांनी शिकलेय.

साडेबाराला घरी.
रीस्टार्ट करून बघायला हवं होतं.

पहाटे पाचला मालकांचा फोन,
"तस्नीम, काळा पडदा आलाय, गाड्या लागल्यात."
"आलो, आलो," म्हणत बिंदू चौकातून स्कूटर काढली.
हमाल रव्यांवर बसून चहा पीत होते,
माझ्याकडं बघत नव्हते, म्हणजे बघतच होते.

ती ओळ दहा वेळा वाचली. शब्द सगळे बरोबर.
मुहूर्ताला वीस मिनिटं.
दिवाणजी खुर्चीमागं आले.
इंग्रजी त्यांना येत नाही,
बोट काचेवरून नेलं, बेरीज तपासावी तसं,
आणि थांबले.
"हितं फट ऱ्हायलीया."

स्वल्पविरामानंतर एक जागा.
टायपिंगच्या वर्गात कदमबाईंनी
पट्टी मारून शिकवलेली जागा.
कॉम्प्युटरनं ओळ तिथंच संपली समजून
पुढचं सगळं भलत्या रकान्यात टाकलेलं.

"रकमंत फट सोडू नी पोरी,
मदी कोण बी येऊन बसतंय."

बॅकस्पेस. एकदाच.

बाहेर सौदा सुरू झाला, रुमालाखाली बोटं.
आत दिवाणजींनी नव्या चोपडीत
पहिल्या पानावर, हळदीच्या ठिपक्याखाली लिहिलं:
संगणक दुरुस्ती, एक जागा कमी केली,
खर्च शून्य रुपये फक्त.
आणि फक्तच्या पुढं
कागदाच्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढली.