तीन वाटे

त्या रात्री जाळ्यात मासळी नव्हती,
ताडपत्रीत शिवलेलं कुणाचं तरी गाठोडं होतं.
दामूने बॅटरी विझवली.
लतीफ म्हणाला, तीन वाटे. सरळ.

माळ्यावर दोऱ्या ताणून
नोटा वाळत घातल्या, बोंबलांसारख्या.
उतरवून मोजल्या, एक थप्पी कमी भरली.
कुणी काही बोललं नाही, फक्त
दामू माझ्या घरचं पाणी पिईना.

अमावस्येच्या उधाणाला तिघे गेलो, दोघे आलो.
हर्णैला सांगितलं, लाट होती.
लतीफची आई अजून जेवायला बोलावते,
सुरमईचा मधला तुकडा मलाच.

थप्पी काल सापडली.
कौलांखाली, उंदरांनी कुरतडलेली;
तिच्यात पिल्लं, गुलाबी, आंधळी.

दामूला सांगणार होतो.
तो पडावात बसून हसला, म्हणाला,
पहाटे निघू, दोघंच.

नांगर एकच आहे.
दोर त्याने दोन आणलेत.