मसूर शिजले

खिडकीचं दार करायचं ठरलंय.
नाइरे म्हणाली, तळमजल्याच्या नशिबी एवढंच सुख,
रस्ता थेट घरात घेता येतो.
गवंड्याने गुलाबी दगडावर खडूने चौकट आखली आहे.
तिथे आरसा, इथे केस धुवायचं भांडं,
आणि मध्ये ती खुर्ची, पायाने दाबली की वर जाणारी.
आड येतंय ते फक्त मिहरानचं कपाट.

"फक्त" हा शब्द सुनेचा.
मी तो दुरुस्त केला नाही.

येरेवानच्या त्या हिवाळ्यांत
वीज दिवसाला तासभर यायची, तीही लहर लागली तर.
आम्ही आधी पायाखालच्या लाकडी फळ्या उखडल्या,
मग खुर्च्या, मग पियानोचं झाकण
(पियानो शेजारच्या श्नोरिकचा. तिनेच आणून दिलं),
आणि मग पुस्तकांची पाळी आली.
मिहरान पूल बांधणारा माणूस, त्याने रांग लावली.
पक्षाच्या अधिवेशनांचे अहवाल पहिले.
ते धड पेटायचेही नाहीत,
गुळगुळीत कागद, नुसता धूर, भाषणासारखा.
पुठ्ठे मात्र छान जळत.
चार पुठ्ठ्यांत चहा व्हायचा.

त्यातून उरली ती ही, दोनशे बारा.
कित्येक बिनपुठ्ठ्याची, दोऱ्याने आवळलेली,
अंगावरचा कोट कुणाला तरी देऊन
तशीच बसून राहिल्यासारखी.

आगीतून राखलेलं असं देऊन टाकायचं?
रात्री मी कपाटालाच विचारलं.
ते कुरकुरलं. ते नेहमीच कुरकुरतं,
त्यात उत्तर शोधायचं माझं वय गेलं.

सकाळी वाघार्श आला, मागची सीट काढलेली गाडी घेऊन.
पोरगा पुस्तकं वास घेऊन पारखतो,
खरबुजं पारखावीत तशी.
झाडापानांची घेतली, पुलांची घेतली,
बिनपुठ्ठ्याचीसुद्धा घेतली, पडत्या भावात.
नकाशांचं थोरलं पुस्तक तेवढं शेवटून उघडलं
आणि माझ्या हातात परत ठेवलं.
"यात कुणीतरी गिरगटलंय, आजी. खपणार नाही."

मिहरानचं अक्षर. पेन्सिलीचं, कारण शाई गोठायची.

    ११ जानेवारी. व्याकरण, दोन खंड. मसूर शिजले.
    १४ जानेवारी. धातुशास्त्र. गेघामची आंघोळ, पाणी कोमटच.
    २ फेब्रुवारी. आराक्सीचं कवितांचं. तिला ताप होता.

मला वाटायचं, ते कुणी वाचायला नेलं
आणि परत केलं नाही.
तीस वर्षं. दोघी बायकांशी मी
त्यावरून बोलणं टाकलं होतं.
एक तर गेलीसुद्धा.

गाडी कोपऱ्यावरून वळली.
नाइरेची भुवया कोरायची पेन्सिल समोर होती, तीच घेतली.

    ९ ऑक्टोबर. उरलेली सगळी. एक दार.

पहिलं गिऱ्हाईक पाच वर्षांचं निघालं.
खुर्ची होती तेवढी वर नेली,
तरी आरशात नुसता भांग दिसेना, शेंडी दिसे.
नाइरेने इकडे तिकडे पाहिलं,
आणि ते थोरलं पुस्तक सीटवर ठेवून
त्याला वर बसवलं.
आता नसलेल्या एका अवाढव्य देशावर
पोरगं पाय हलवत बसलं,
केस भुरभुर सगळीकडे.
मी काही बोलणार होते.

"दार लोटून घे गं," म्हटलं,
"गारठा आत येतोय."