आकसणं धरून

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
बीड थंड होताना आकसतं,
म्हणून मीटरमागं दहा मिलिमीटर
पॅटर्न मोठाच धरायचा.
त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असायची,
तिच्यावरचा एक फूट
बाजारातल्या फुटापेक्षा अंमळ लांब.

अनगोळात वरच्या दोन खोल्या बांधल्या
तेव्हा ती पट्टी कपाटातच राहिली.

हिशेब सोपा वाटला.
साडेचार आणि साडेचार, नऊ हजार भाडं.
बँकेनं ई-खाता मागितला, तो नव्हता.
पतसंस्थेनं मागितले दोन जामीनदार
आणि साडेतेरा टक्के.
हप्ता आठ हजार सातशे.
तीनशे उरतात म्हणून शेवंतानं
पाव किलो कुंदा आणला.

मग एक खोली पाच महिने रिकामी.
रिकाम्या खोलीला भाडं नसतं, हप्ता असतो.
मग मोटर जळली.
मग घरपट्टी आली, कानडीत.
उलटसुलट करून बघितली,
आकडे तेवढे माझ्या ओळखीचे.

नीलव्वा, पहिल्या खोलीतली,
मूळची सौंदत्तीची, दवाखान्यात नर्स,
रात्रपाळीहून येताना जिन्यातच वाचू लागली.
थांबली.
"काका, अंगडीनं वासद मनी अंत बरदार्री."
खालच्या दुकानाला राहतं घर लिहिलंय.
चार वर्षं. फॉर्म एजंटानं भरलेला,
सही माझी, न वाचता.

शानभागांच्या ऑफिसात पंखा कागदावर नव्हे,
माझ्यावरच फिरत होता.
"दुकान दुकानच लिहा, फरक भरा.
मग भाड्यातनं भरलेली घरपट्टी वजा,
उरल्यातनं शंभराला तीस वजा,
मग कर्जाचं व्याज.
मुद्दल नाही. तुमचंच घर तुम्ही विकत घ्यायलाय,
त्याची सूट कोण देणार?"
"तीस कशाबद्दल?"
"डागडुजी, झीज. पावत्या मागत नाहीत."

म्हणजे दिल्लीतसुद्धा कुणाच्या तरी हातात
आमची पट्टी होती.

मध्ये एकजण आला, कोऱ्या शर्टातला.
भाडं नको म्हणाला. एकदम पाच लाख घ्या,
तीन वर्षांनी तेवढेच परत.
इकडं त्याला भोग्य म्हणतात.
शब्दच असा, की तोंडात ठेवून झोपावं.
पाच लाखांत पतसंस्था मिटत होती,
जामीनदार रस्त्यात नजर चुकवायचे थांबले असते.

शेवंता तांदूळ निवडत होती.
"तीन वर्षांनी कुठनं देणार?"
"पुढच्या भाडेकऱ्याकडनं घेऊन."
"आणि त्याला?"
तिनं खडा बाजूला टाकला.
मी कोऱ्या शर्टाला नाही म्हणून सांगितलं.

एप्रिलात दुकान दुकान झालं.
महानगरपालिकेच्या खिडकीत फरक मोजताना
बोटं कापली, खोटं का सांगू.
त्या रात्री कपाटातली पट्टी काढली,
वहीत लिहिलं: वर्ष दहा महिन्यांचं धरणे.
नऊ हजारांची साडेसात धरणे.
मोटर धरणे.

काल फळी रंगवली.
एका बाजूला मी लिहिलं, खोली भाड्यानं देणे आहे.
दुसरी बाजू नीलव्वाकडं दिली.
तिची अक्षरं गोल, ऐसपैस,
ओळ संपता संपेना.
शेवंता म्हणाली, मावायचं नाही हे.

मावलं.
फळी मी मोठीच कापली होती.