एकशे तीन टक्के

स्टॉकपोर्टला, बूट दुरुस्तीच्या दुकानावर,
पहिल्या मजल्यावर बसतात मिसेस हॅलोरन.
भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता:
एक डोळा, एक कान, एक हात,
कुणाच्याच अंगाला न चिकटलेले.

पंच्याऐंशी पौंड आधीच भरले होते,
म्हणून असेल, पण पहिली दहा मिनिटं
माझा विश्वास बसला.

शाल्मली, वय सात.
वर्गात तिसऱ्या आठवड्यात तोच दहाचा पाढा चालतो
तेव्हा ही खिडकीबाहेर बघते,
आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसते.
'पुन्हा तेच, बाबा.'
ह्यावर काय करायचं, एवढंच विचारायला आलो होतो.

बाईंनी चाळीस प्रश्न विचारले, खुणा केल्या,
म्हणाल्या, 'ही डोळ्यांनी शिकणारी मुलगी.
रंगीत कार्डं वापरा.'

मी मान डोलावली.
परक्या मुलखात मान फार लवकर डोलते.
पण आत काहीतरी खडखडलं, चेन पडल्यासारखं:
सायकल मी शिकलो ढोपरांनी,
पाढे तोंडाने, सासवडच्या शाळेत, चाळीस जणांच्या एका सुरात,
आणि यमन, जेवढा आला तेवढा, कानांनी.
यमन कुणी कार्डावर रंगवून दाखवला असता तर?
वाट शिकणाऱ्याच्या डोळ्यात नसावी बहुतेक,
शिकायच्या गोष्टीतच असावी.
हे बोलायला मला इंग्रजी सापडेना.

तेवढ्यात टेबलापलीकडून, उलटा कागद वाचत, शाल्मली म्हणाली,
'सत्तेचाळीस, एकवीस, पस्तीस.
एकशे तीन होतात.'

'राउंडिंग, डार्लिंग,' बाई हसल्या.

'पण तीनच आकडे आहेत.'
उद्धटपणे नाही, खरोखरच अडल्यासारखं.
'राउंडिंगने फार तर एक वाढेल.
तीन कसे वाढतील?'

खालच्या दुकानातलं मशीन टाच घासत राहिलं.
बाईंनी कागद स्वतःकडे फिरवला, बराच वेळ पाहिला,
मग बिस्किटांचा डबा पुढे केला.
वाईट नव्हत्या हो त्या.

परतताना रेल्वेच्या उंच पुलाखाली ती थांबली.
'ह्यात विटा किती असतील?'
माहीत नाही, म्हणालो.
मग एका कमानीखाली आम्ही थर मोजायला लागलो,
ती मान मागे टाकून, पुटपुटत, बोट नाचवत,
मी कार्डांची पिशवी सांभाळत.
एकशे बाराला माझं चुकलं.
तिचं नाही.

सोमवारी वर्गात पुन्हा दहाचा पाढा आहे.